ग्रहणातली कात्री

रिक्षा सोलापुरातल्या सात रस्त्याच्या सिग्नलला थांबली, तेव्हा शेजारी प्रचाराची गाडी भोंगा लावून उभी होती. २०२४ च्या एप्रिलची अखेर. मतदान आठवड्यावर आलेलं, आणि ऊन असं की रिक्षाच्या दांडीला हात लावला तर चटका बसावा. आम्ही तिघी दाटीवाटीनं बसलो होतो. मधे आमची सून, म्हणजे माझ्या पुतण्याची बायको. तिच्या एका अंगाला थोरल्या जाऊबाई, दुसऱ्या अंगाला मी. तिच्या मांडीवर सोनोग्राफीची ती मोठी पांढरी पिशवी आणि पिशवीवर तिचे दोन्ही हात पालथे. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडल्यापासून ती एक अक्षर बोलली नव्हती. त्या भोंग्याच्या गदारोळात तिनं माझ्याकडे मान वळवली आणि विचारलं, "काकू, पोटावर मोठा वण राहील का हो?"

जाऊबाई तिकडून म्हणाल्या, "लेकराच्या पाठीचं बघायचं सोडून तुला वणाचं पडलंय होय?" आणि मी, जिनं निदान तिचा हात हातात घ्यायला हवा होता, मी म्हणाले, "असलं काही विचारू नये गं आत्ता." तिनं मान खाली घातली. सिग्नल सुटला, रिक्षा विजापूर रोडला लागली. मागून पुतण्या मोटारसायकलवर येत होता, त्याला यातलं काही ऐकू गेलं नाही.

तिनं तो प्रश्न घरात पुन्हा कुणालाही विचारला नाही.

त्या दिवशी आत काय झालं ते आधी सांगते. पाच महिन्यांची सोनोग्राफी म्हणजे आमच्या घरात जवळजवळ सणच. पहिल्या खेपेला सगळे मिळून गेलो होतो आणि येताना नवी पेठेत आइस्क्रीम खाल्लं होतं. यावेळीही तसंच निघालो. बाहेरच्या बाकड्यांवर पाण्याच्या बाटल्या तोंडाला लावून बसलेल्या बायका, पोट भरून पाणी प्यायलेल्या आणि लघवी दाबून धरलेल्या. भिंतीवर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' हा फलक. आतून कुणाच्या तरी पोरीचं रडणं. सुनेचा नंबर आला तशी मी तिच्याबरोबर आत गेले. पोटावर तो गार चिकट पदार्थ लावला तशी ती थोडी हसली. डॉक्टरीणबाई आधी बोलत होत्या, हे हृदय, हे बघा बोटं. मग त्यांचा हात एका जागी थांबला. तिथूनच पुढे-मागे, पुढे-मागे फिरायला लागला. बोलणं बंद झालं. पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. मी आयुष्यभर शाळेत शिकवलं, वर्ग एकाएकी शांत झाला की काहीतरी बिघडलंय हे मला पाठमोरी असताना कळतं. तसं ते कळलं.

बाईंनी नंतर कागदावर चित्र काढून समजावलं. बाळाचं डोकं गोल दिसायला हवं, ते पुढून दोन्ही बाजूंनी चेपल्यासारखं, लिंबाच्या आकाराचं दिसतंय. लहान मेंदू खाली ओढला जाऊन केळ्यासारखा वाकलाय. ही दोन्ही लक्षणं दिसली की खाली पाठ बघायची, आणि पाठीत कमरेच्या जरा वर मणके मागून मिटलेले नाहीत. मज्जारज्जू उघडा आहे. स्पायना बायफिडा. पाठीतल्या त्या फटीतून मेंदूभोवतालचं पाणी झिरपत राहतं, त्या ओढीनं लहान मेंदू खाली सरकतो, पाण्याची वाट अडते आणि मग डोक्यात पाणी साठायला लागतं. पायात किती ताकद राहील, लघवी-संडासवर ताबा राहील की नाही, हे सगळं ती फट किती वर आहे यावर. बाई म्हणाल्या, जन्मल्यावर दोन दिवसांत पाठ शिवतात, ते आपल्याकडेही होतं. पण हल्ली काही ठिकाणी बाळ पोटात असतानाच पाठ शिवतात. सव्वीस आठवड्यांच्या आत. तुम्ही वीस आठवड्यांवर आहात, मुंबईला जाऊन विचारून या, वेळ घालवू नका.

एवढं ऐकून आम्ही रिक्षात बसलो होतो.

घरी आल्यावर सगळे गोळा झाले. आणि पहिला प्रश्न आला तो कुणा एकीचा नाही, दोघी-तिघींचा, "गोळ्या घेतल्या नव्हत्या का गं तिनं?" फॉलिक ॲसिडच्या गोळ्या. घेतल्या होत्या. पाळी चुकल्यावर, दवाखान्यात नाव घातल्यावर, रोज रात्री. पण पाठीचा कणा ज्या नळीपासून होतो ती नळी गर्भ राहिल्यापासून अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटते, किंवा मिटायची राहते. अठ्ठाविसावा दिवस म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. बाई 'उशीर झाला की काय' असं मनात म्हणत असते तोवर सगळं होऊन गेलेलं असतं. म्हणून ती गोळी दिवस राहण्याच्या आधीपासून घ्यायची असते, रोज ४०० मायक्रोग्रॅम. १९९१ साली ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासानं दाखवून दिलं की ज्या बाईला आधी असं मूल झालंय तिनं आधीपासून मोठ्या मात्रेत हे जीवनसत्त्व घेतलं तर पुन्हा तसं होण्याचा धोका जवळजवळ पाऊणपट कमी होतो. कमी होतो, नाहीसा होत नाही. हे मला नंतर वाचून कळलं. त्या संध्याकाळी मी नुसती त्या बायकांची तोंडं बघत होते, कारण तो सूर माझ्या ओळखीचा होता. साखर पेठेत, आमच्या जुन्या घरात, चव्वेचाळीस वर्षांपूर्वी मी तो ऐकला होता. फक्त तेव्हा गोळीच्या जागी कात्री होती.

१६ फेब्रुवारी १९८०, शनिवार. ज्यांचं वय तेव्हा कळतं होतं त्यांना ते सूर्यग्रहण आठवत असेल. खाली कर्नाटकात खग्रास आणि आमच्याकडे सूर्याची कोर उरलेली. मी बारा वर्षांची. एरवी आमच्या बोळात दिवसरात्र मागांची खटखट, इतकी की ती बंद पडली की झोपलेली पोरं जागी व्हायची. त्या दुपारी माग बंद होते. रस्त्यावर कुत्रं नाही. दारं-खिडक्या लावून, फटींना चादरी लावून आम्ही आत. आई गरोदर होती आणि आजीनं तिला सांगून ठेवलं होतं, सरळ बसायचं, अंग मुडपायचं नाही, काही चिरायचं नाही, कापायचं नाही, शिवायचं नाही. आई विड्या वळायची. दिवसाच्या हजार विड्या झाल्या नाहीत तर मजुरी तुटते, आणि सोमवारी कारखान्यात माल द्यायचा होता. अंधारात आजीचा डोळा लागला. मी जागी होते. आईनं भिंतीला टेकवलेलं सूप हळूच मांडीवर ओढलं, भिजवलेल्या पानांची गड्डी सोडली, पत्र्याचा साचा ठेवला आणि कात्री चालवायला लागली. कर्र... कर्र... अगदी हळू. ओल्या तेंदूपानाचा आणि तंबाखूचा तो वास, आणि फटीतून येणारा तांबूस, आजारी उजेड. तिनं माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. मी मान हलवली. आजी जागी झाली ती त्या आवाजानंच.

जूनच्या मध्यावर माझा भाऊ जन्मला. त्याच्या पाठीवर, कमरेच्या वर, लिंबाएवढी फुगवटी होती आणि तिच्यावरचं कातडं कांद्याच्या आतल्या सालासारखं पातळ, ओलं. आत काहीतरी लालसर दिसायचं. त्याला उताणं झोपवता येत नसे. आई त्याला पालथा छातीवर घेऊन बसायची, आणि त्याचे पाय तिच्या पोटावर नुसते लोंबत राहायचे. तोंड मात्र असं गोड की बघत राहावं. दवाखान्यात नेला, तिथं सांगितलं की फार काही करता येण्यासारखं नाही. नवव्या दिवशी ताप आला, अकराव्या दिवशी तो आम्हाला सोडून गेला. त्याचं नावही ठेवलेलं नव्हतं. आजीनं मोठ्यानं काही म्हटलं नाही. तिनं फक्त येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला सांगितलं, "गिराणात कात्री धरली हिनं." बोळातल्या बायका च्-च् करायच्या आणि आईच्या हातांकडे बघायच्या. पुढे आई पुष्कळ जगली. नातवंडं पाहिली. पण कुणाच्या घरी डोहाळजेवण असलं की ती कात्री, सुरी, विळी उचलून आत नेऊन ठेवायची, आणि तिथून पुढे दिवसभर हात पदरात झाकून बसायची. वडिलांनी तिला कधी बोल लावला नाही. त्यांनी तिला 'तुझा दोष नाही' असंही कधी म्हटलं नाही.

आता बोटांवर मोजू. भाऊ जूनच्या मध्यावर, पुऱ्या दिवसांचा झाला. म्हणजे गर्भ राहिला सप्टेंबरच्या शेवटी. अठ्ठाविसावा दिवस येतो ऑक्टोबरच्या विशीत, त्या वर्षीच्या दिवाळीच्या आसपास. आई तेव्हा करंज्या तळत असणार, आणि आपल्याला दिवस गेलेत हे तिचं तिलाही नक्की ठाऊक नसणार. ग्रहण त्यानंतर जवळजवळ चार महिन्यांनी लागलं. ती कात्री चालवत होती तेव्हा पोटातली ती पाठ चार महिने आधीपासून उघडीच होती. हे गणित मी केलं ते सुनेची सोनोग्राफी झाली त्या रात्री, दोन वाजता, स्वयंपाकघरात, वाणसामानाच्या वहीच्या मागच्या पानावर. आई जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. एवढंसं गणित. मी शाळेत मुलांना याहून अवघड गणितं घालत होते. ते आधी कुणी का केलं नाही, मी का केलं नाही, याचं उत्तर माझ्याजवळ नाही.

मग त्या रात्री आणि पुढच्या बऱ्याच रात्री मी वाचत गेले. मोबाइलवर, पुतण्याकडून इंग्रजी शब्द समजून घेत. पोटातल्या बाळावर उपचार करायची सुरुवात १९६३ साली न्यूझीलंडमध्ये विल्यम लायली या डॉक्टरानं केली. आईचं आणि बाळाचं रक्त जुळत नाही म्हणून बाळं पोटातच फिकी पडून मरायची. त्यानं आईच्या पोटातून सुई घालून थेट बाळाच्या पोटात रक्त भरलं. १९८१ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये मायकल हॅरिसन यांनी गर्भाशय उघडून, लघवी तुंबलेल्या बाळावर शस्त्रक्रिया करून ते पुन्हा आत ठेवलं आणि गर्भाशय शिवलं. १९८१! माझ्या भावानंतर अवघ्या एका वर्षानं. ते माझ्या भावाच्या काही कामाचं नव्हतं, तो वेगळा आजार आणि साता समुद्रापलीकडची गोष्ट. तरी तो आकडा बघून मी मोबाइल पालथा ठेवला. एका वारेवर वाढणाऱ्या जुळ्यांत कधी एकाचं रक्त दुसऱ्याकडे वाहत राहतं, तिथं दुर्बीण घालून लेसरनं त्या रक्तवाहिन्या बंद करतात. छाती आणि पोटामधल्या पडद्याला भोक राहिलेल्या बाळाच्या श्वासनळीत पोटात असतानाच इवलासा फुगा बसवतात, म्हणजे फुप्फुसं वाढतात. २०२३ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये द्राक्षाएवढ्या हृदयाची झडप आईच्या पोटातून सुई घालून, फुगा फुगवून दीड मिनिटात उघडली, ती बातमी आपल्या सगळ्यांच्या फोनवर फिरली होती. मीच ती दहा जणांना पुढे पाठवली होती, हात जोडल्याचं चित्र लावून.

आणि पाठीचं. पाठ मिटलेली नाही हे पहिलं नुकसान. दुसरं नुकसान नंतर महिनोन् महिने होत राहतं, कारण उघड्या पडलेल्या नसा गर्भजलात भिजतात, घासतात, झिजतात. म्हणजे चौथ्या-पाचव्या महिन्यात हलणारे पाय नवव्या महिन्यापर्यंत लुळे पडू शकतात. म्हणून लवकर शिवायचं. लवकर शिवलं की झिरपणं थांबतं आणि खाली ओढलेला लहान मेंदू पुष्कळदा आपोआप वर सरकतो. अमेरिकेत तीन ठिकाणी याचा नीट अभ्यास झाला, चिठ्ठ्या टाकाव्यात तसं काहींची शस्त्रक्रिया जन्माआधी आणि काहींची नंतर. दोनशे बायका घ्यायच्या ठरल्या होत्या, पण फायदा इतका स्पष्ट दिसला की १८३ वरच तो थांबवला आणि २०११ साली छापला. डोक्यातलं पाणी काढायची नळी वर्षाच्या आत लागण्याची वेळ नंतर शिवलेल्यांत शंभरातल्या ८२ बाळांवर येत होती, पोटात शिवलेल्यांत ४० वर. अडीच वर्षांचं होईतो आधाराशिवाय चालणारी मुलं २१ ची ४२ झाली. ही शस्त्रक्रिया करतात एकोणीस ते सव्वीस आठवड्यांच्या दरम्यान.

ग्रहणाच्या दिवशी आईला बावीस-तेवीस आठवडे झाले होते.

हे लक्षात आलं तेव्हा अंगावर काटा आला. ज्या आठवड्यात तिनं कात्री हातात धरली म्हणून तिला जन्मभर दोषी धरलं, नेमक्या त्याच आठवड्यात आज डॉक्टर हातात कात्री घेतात. वडील मागावर होते. आम्ही पोरं त्यांना डबा द्यायला जायचो तेव्हा ताण्यातला तुटलेला धागा ते दोन बोटांत धरून, ओला करून, गाठ मारून असा सांधायचे की चादरीत कुठं सापडू नये. म्हणायचे, "मागावर आहे तोवर सांधतंय. उतरल्यावर रफू." मला त्या रात्री ते फार पटलं. मागावर आहे तोवर सांधायचं. मी ठरवूनच टाकलं की सुनेची शस्त्रक्रिया पोटातच व्हायला हवी. पैसे लागले तर माझी ठेव मोडायची. सकाळी मी जाऊबाईंना तसं सांगितलंही, आणि हे माग-धाग्याचं उदाहरण दिलं. त्यांनाही पटलं. दाराआड सून उभी होती, तिनंही ते ऐकलं असणार.

मागाला दुखत नाही, हे मला सुचलं नाही.

सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं आम्ही मुंबईला गेलो, ती, पुतण्या आणि मी. जाऊबाईंनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली होती, ती कुणी खाल्ली नाही. तिथल्या डॉक्टरीणबाई साधारण माझ्याच वयाच्या, केस पूर्ण पांढरे. त्यांनी पुन्हा सोनोग्राफी केली, मग आम्हाला बसवून तासभर बोलल्या. पोटात शस्त्रक्रिया करणारे देशात मोजके, त्यातलं एक पथक दुसऱ्या शहरात, तिथं गेलात तर बाळंत होईपर्यंत तिथंच, दवाखान्याच्या जवळ राहावं लागेल. कळा सुरू होऊ नयेत म्हणून औषध चालू ठेवतात, त्यानं अंग तापतं, गळून जायला होतं. बाळ बहुधा पुऱ्या दिवसांच्या आधी येतं, त्या अभ्यासात सरासरी चौतिसाव्या आठवड्यात. कायद्यानं दुसराही मार्ग मोकळा आहे, चोवीस आठवड्यांपर्यंत, आणि गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या परवानगीनं नंतरही. हे त्यांनी आम्हाला बाहेर काढून सुनेला एकटीला विचारलं. ती नाही म्हणाली. आम्ही परत आत आलो तेव्हा बाई म्हणाल्या, "आता तुम्हाला काही विचारायचंय?" त्या तिच्याकडेच बघत होत्या. पुतण्यानं पायांविषयी विचारलं, मी नळीविषयी. मग बराच वेळ गेला आणि ती म्हणाली, "वण केवढा राहतो?"

माझ्या पोटात कालवलं. बाई मात्र खुर्ची पुढे ओढून बसल्या. "बरोबर विचारलंस," म्हणाल्या, आणि कोऱ्या कागदावर त्यांनी पेरूसारखं गर्भाशय काढलं. "वरच्या कातडीवरचा वण भरून येतो. आतला महत्त्वाचा. नेहमीच्या सिझरला आम्ही इथं खाली, आडवं, पातळ भागात कापतो. या शस्त्रक्रियेत जिथं वार नाही तिथं कापावं लागतं, बहुतेक वेळा वरच्या जाड भागात. तो भाग कळांना जोर लावणारा. म्हणून याही बाळाला सिझर आणि पुढच्या प्रत्येक बाळाला सिझर, कळा यायच्या आधी. कळा आल्या तर शिवण उकलण्याची भीती. अभ्यासातल्या बायकांत बाळंतपणाच्या वेळी साधारण तिघींतल्या एकीची शिवण पातळ पडलेली किंवा थोडी उसवलेली होती. एकही आई दगावली नाही. पण त्या बायका धडधाकट होत्या, हे लक्षात ठेव. आजारी बाळ होतं. टेबलावर दोघांना घ्यावं लागतं." बाळालाही वेगळं इंजेक्शन देतात, त्याला दुखू नये, त्यानं हलू नये म्हणून. गर्भजल गेलं की कोमट सलाइन सोडून जागा भरून काढतात. हे सगळं त्या तिला सांगत होत्या आणि ती वाकून कागदावरची ती रेघ बघत होती. रिक्षात मी ज्या प्रश्नाला 'असलं काही' म्हटलं, त्याचं उत्तर द्यायला त्या खोलीत पाऊण तास लागला.

गर्भाशयाच्या त्या शस्त्रक्रियेविषयी मी इतकी पानं वाचली होती. गर्भाशय, गर्भजल, वार, भिंत. वाचताना एकदाही मला ते कुणा बाईच्या आत आहे असं जाणवलं नव्हतं.

परतीच्या गाडीत पुतण्या वरच्या बर्थवर झोपला. ती आणि मी खाली, समोरासमोर. मी तिला भावाची गोष्ट सांगितली. ग्रहण, कात्री, अकरा दिवस, सगळं. माझ्या सख्ख्या मुलांनाही मी ते इतकं सविस्तर सांगितलेलं नव्हतं. आणि शेवटी म्हणाले, आपल्याला संधी मिळतेय, तेव्हा मिळाली नव्हती, तू हो म्हण. ती खूप वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. दौंड गेलं. मग म्हणाली, "काकू, तुम्हाला तुमचा भाऊ वाचवायचाय." आवाजात राग नव्हता. "घरी चार वर्षांचा माझा पोरगा आहे. त्याला सोडून तीन-चार महिने परगावी पडून राहू? आणि माझं काही झालं तर?" मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं होतं, आकडे होते, ४२ आणि २१, ते जिभेवर आलेही. मी ते गिळले. त्याचा मला आनंद वाटतो असंही नाही.

तिनं नाही म्हटलं. घरात चार दिवस कुणी कुणाशी नीट बोललं नाही. जाऊबाईंनी देवापुढे नारळ ठेवला, पुतण्या एकदा रडला. शस्त्रक्रियेची मुदत जूनच्या पहिल्या आठवड्यात संपली. त्या रात्री मी जागी होते, आणि तिच्या खोलीतलाही दिवा जळत होता.

ऑगस्टच्या अखेरीस, ठरवून सिझर करून, मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी पाठ शिवली, तिसऱ्या आठवड्यात डोक्यातलं पाणी पोटात उतरवणारी नळी बसवली. कानामागे कातडीखाली ती हाताला लागते. गुडघे हलतात. डावा घोटा थोडा, उजवा नाही. रात्री पायांना प्लास्टिकचे साचे बांधायचे असतात, आठवड्यातून तीनदा व्यायामाला न्यायचं असतं, आणि दर चार तासांनी लघवीच्या जागी बारीक नळी घालून मूत्राशय रिकामं करायचं असतं, नाहीतर लघवी मागे चढून मूत्रपिंडं बिघडतात. हे काम सुनेनं पहिल्या महिन्यात शिकून घेतलं. माझा हात थरथरायचा म्हणून मला जमायला तीन महिने लागले. पोरगी गोड आहे. टाळी वाजवते, कुणी शिंकलं की खदखदून हसते, भाऊ शाळेतून आला की पोटावर सरपटत दाराकडे जाते, पाय मागे ओढत. ते बघताना माझ्या मनात तो हिशेब सुरू होतोच. पोटात शिवलं असतं तर? तरी शंभरातली अठ्ठावन्न आधाराशिवाय चालत नव्हतीच, असं मी स्वतःला सांगते. पण बेचाळीस चालत होती, असं दुसरं मन म्हणतं. नातेवाईक सुनेला तोंडावर विचारतात, "तेव्हा मुंबईला गेला होता ना, मग केलं का नाही?" मी समोर असले तर उत्तर मी देते. तिनं चुकीचा निर्णय घेतला असं मला वाटत नाही. बरोबर घेतला असं म्हणायलाही माझी जीभ उचलत नाही. तो तिनं एकटीनं घेतला, आणि तिच्याच अंगावरचा होता, एवढं मात्र मी आता भांडून सांगते.

मागच्या पावसाळ्यात एकदा पोरीला न्हाऊ घालताना मी तिला विचारलं. पोरीच्या पाठीवर ती उभी, फिकी गुलाबी रेघ, तेलानं चकाकत होती. मी म्हणाले, "तुझा वण दुखतो का गं?" तिला क्षणभर कळलं नाही. मग तिनं साडीवरूनच ओटीपोटावर हात ठेवला. "दुखत नाही. खाजतो. ढग आले की जास्त." आणि थोड्या वेळानं, पोरीचं डोकं पुसता पुसता, "कुणी विचारलं नव्हतं अजून."

७ सप्टेंबर २०२५ ला चंद्रग्रहण होतं, खग्रास. जाऊबाईंनी संध्याकाळी लवकर जेवणं उरकायला लावली, पाण्यावर तुळशीची पानं ठेवली, आणि रात्री दहापासून कुणी कशाला हात लावायचा नाही असं बजावलं. त्यांचं वय झालंय, त्यांच्याशी मी वाद घालत नाही. अकरा वाजून गेले तसा चंद्र पूर्ण तांबडा झाला. मी गच्चीवरून खाली आले तर सुनेच्या खोलीत दिवा. पोरीच्या नळीची वेळ झाली होती. तिनं साबणानं हात धुतले, पोरीला मऊ टॉवेलवर आडवं केलं, नव्या नळीचं पाकीट दातानं फाडायला गेली आणि थांबली, तोंड लावायचं नसतं. "काकू, कात्री बघता का? कुठं गेली की." पलीकडच्या खोलीत जाऊबाई जप करत होत्या, त्यांचा आवाज जरासा थांबला आणि पुन्हा सुरू झाला. मी माझ्या खोलीत गेले, शिवणाच्या डब्यात तळाशी आईची विड्यांची कात्री होती, मुठीशी काळी पडलेली, पात्यांना अजून धार असलेली. ती धुतली, पुसली आणि आणून तिच्या हातात दिली. तिनं पाकिटाची कड कापली. पोरगी दिव्याकडे बघत हात हलवत होती.